वीतभर सरकवलेलं विमान

आमच्या घरात विमान आलं ते माझ्या स्कूटीवरून. बोर्ली पंचतनच्या फ्लेक्सवाल्याकडून मी ते गुंडाळी करून आणलं, पायाशी उभं धरून, आणि प्रत्येक खड्ड्याला ते माझ्या हनुवटीवर आपटलं. विमान म्हणजे फक्त पुढची केबिन, वैमानिक बसतात ती. तिथली समोरची आणि डोक्यावरची सगळी बटणं, दांडे, तबकड्या, सगळं खऱ्या मापात छापलेलं. फ्लेक्सवाल्यानं उभा जन्म पुढाऱ्यांचे वाढदिवस छापण्यात घालवलेला. त्यानं मला तीनदा विचारलं, "बाई, फोटो कुणाचा टाकू?" कुणाचाच नको म्हटल्यावर म्हणाला, "मग खाली शुभेच्छुक तरी?" नको म्हटलं तरी त्यानं कोपऱ्यात 'भावी कॅप्टन यांस हार्दिक शुभेच्छा' छापलंच, आपल्या मनानं. तो कोपरा मी घरी येऊन कात्रीनं कापून टाकला. 'कॅप्टन' या शब्दावरून घरात आधीच कमी ताप नव्हता.

माझा नवरा सात वर्षं को-पायलट. कंपनी लहान, लहान लहान शहरांना जाणारी, पंख्यांची विमानं चालवणारी. खांद्यावर तीन पट्ट्या होत्या, चौथी लागली की कॅप्टन, आणि ती चौथी अगदी तोंडावर आली होती. तेवढ्यात कंपनीतल्या वरच्या मंडळींना साक्षात्कार झाला की पंख्यांची विमानं काढून टाकायची आणि जेट आणायची. आणा बापडे! पण विमान बदललं की वैमानिकाला पुन्हा पहिलीत बसावं लागतं. नवं विमान शिकायचं, सिम्युलेटरमध्ये, म्हणजे जमिनीवरच्या हलत्या नकली केबिनमध्ये, सराव करायचा आणि मग परीक्षा द्यायची. पास झालास तर नव्या विमानावर को-पायलट, तोही यादीत सगळ्यांच्या खाली. दोनदा नापास झालास तर नाव यादीतून कायमचं बाहेर. जुनी विमानं एकेक करून परत चाललेली, त्यामुळे मागे फिरायलाही जागा नाही. छत्तीस वर्षांचा माणूस, विमान चालवण्याखेरीज दुसरं काही येत नाही. शेतात पॉवर टिलर दिला तर बांधावर चढवतो. आमच्या घराचं सगळं त्या एका परीक्षेवर येऊन ठेपलं होतं.

कंपनीनं सांगितलं, "घरी थांबा, कळवतो." त्यानं परगावची भाड्याची खोली सोडली आणि दोन बॅगा घेऊन गावी आला. मी इथल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, म्हणून आमचं बिऱ्हाड म्हणजे हेच त्याचं घर, मी आणि सासूबाई. तोवर नवरा महिन्यातून चार-पाच दिवस येणारा पाहुणा. आता तो दिवसभर घरात, फोन हातात, आणि फोन वाजत नाही. गावातल्या बायका मला विहिरीवर विचारायच्या, "गो बाय, इमान बंद पडलं काय?" मी म्हणायची, "विमान नाही, ऑफिस बंद पडलंय." सुरुवातीला मी हे हसत म्हणायची. दुसऱ्या महिन्यात हसणं गेलं.

फ्लेक्स आणणं हे माझं खूळ नव्हतं. त्यांच्या धंद्यात ही रीतच आहे. सिम्युलेटरचे तास मोजके मिळतात, म्हणून आधी घरी असं चित्र भिंतीला लावून, समोर खुर्ची टाकून बसायचं. एकानं चेकलिस्ट वाचायची, दुसऱ्यानं त्या त्या बटणापर्यंत हात न्यायचा. शंभरदा, दोनशेदा, डोळे मिटले तरी हात बरोबर जागी पडेपर्यंत. त्याचे बरोबरीचे सगळे पांगलेले, कुणी कुठं, कुणी कुठं. मग वाचायला उरले कोण? मीच.

चित्राचे दोन तुकडे होते, समोरचा आणि डोक्यावरचा. घरात एकच भिंत अशी, जिला खिडकी नाही, दार नाही, कपाट नाही. माजघरातली. पण त्या भिंतीला एक खुंटी, आणि त्या खुंटीला लाल कापडात बांधलेला सासूबाईंचा नारळ. नवसाचा. दोन वर्षांपूर्वी त्यांनी गावच्या देवीला बोलून तो बांधला होता. लेकाला चौथी पट्टी लागली की देवळात नेऊन फोडायचा. तोवर खुंटीवरून काढायचा नाही, आणि काही कारणानं काढावा लागलाच तर भुईला टेकवायचा नाही. आतलं पाणी कधीच आटून गेलं होतं. वाऱ्यानं हलला की आतला गोटा करवंटीवर खुडखुड वाजायचा.

खालचा तुकडा नीट लागला. वरचा लावायला घेतला तर नारळ बरोबर आड येतो. नवऱ्यानं तोंडात चिकटपट्टी धरून म्हटलं, "आई, हा जरा दुसरीकडे—" सासूबाई स्वयंपाकघरातूनच म्हणाल्या, "हात लावू नको त्याला. देवीला बोललेला हाय." मला शाळेला उशीर होत होता. वर्गाची किल्ली माझ्याकडे. मी म्हटलं, "अरे, वीतभर डावीकडे सरकव की! कागदच तो. इथून काय उडणार आहे?" त्यानं वरचा तुकडा वीतभर डावीकडे सरकवला. नारळ लोंबत राहिला तिथंच, चित्राच्या उजव्या कडेला खेटून. हे वाक्य माझं होतं, हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे मागून कुणी मला विचारायला नको.

सराव सुरू झाला. सासूबाईंसमोर मी नवऱ्याला अहो म्हणते आणि त्या नसल्या की अरे. चेकलिस्ट वाचताना मात्र दोन्ही सुटलं आणि आतली मास्तरीण बाहेर आली. "पुन्हा. हात उशिरा गेला. पुन्हा. बोलायच्या आधी हात गेला, आधी बोल." तो म्हणायचा, "तुझ्या वर्गातली पोरं कशी जगतात?" मी म्हणायची, "पास होऊन जगतात." सगळ्यात जास्त घोटून घेतलं ते आगीचं. वरच्या तुकड्यावर दोन लाल दांडे होते, डाव्या इंजिनाचा एक, उजव्याचा एक, मध्ये जेमतेम वीतभर अंतर. इंजिनाला आग लागली की त्याच इंजिनाचा दांडा ओढून ते बंद करायचं. चुकून दुसरा ओढला तर चांगलं इंजिन बंद, आणि जळकं चालू. मी मधूनच, भाजी निवडता निवडता, ओरडायची, "उजवं इंजिन, आग!" आणि को-पायलटची खुर्ची उजवीकडे म्हणून त्याचा हात उजवीकडून उठायचा, नारळाला वळसा घालून पलीकडे जायचा आणि उजव्या दांड्यावर टेकायचा. झक्कास! मला स्वतःच्या शिकवण्याचा अभिमान वाटायचा.

आता कंपनीच्या फोनांचं सांगते, कारण त्यांनी माझ्या नाकी नऊ आणले. वैमानिकांच्या ड्युट्या लावणाऱ्या ऑफिसातली एक मुलगी फोन करायची. गोड आवाज, अर्धं हिंदी, अर्धं इंग्रजी, आणि पोटातलं ओठावर येऊ द्यायची नाही. पहिल्यांदा तिनं कळवलं, उद्या हजर व्हा. हा पहाटे निघाला. दिघीहून फेरीबोटीनं आगरदांडा, मग मुरूड, अलिबाग, मांडवा. मांडव्याच्या जेट्टीवर तिकीट हातात, बोट लागलेली, आणि फोन. "सर, स्लॉट दुसऱ्या बॅचला गेला. प्लीज, स्टँडबाय." आला परत, दिवसभराचा प्रवास करून, बॅग न उघडता. दुसऱ्यांदा बोलावलं ते शिकायला नाही, तर जुन्या पंख्यांच्या विमानावर चार फेऱ्या मारायला! का? तर जुन्या विमानांचे वैमानिक शिकायला पाठवले, म्हणून जुन्या विमानांना वैमानिक कमी पडले. म्हणजे ज्यांना शिकायला पाठवायचं त्यांनाच जुनं चालवायला परत ओढायचं, आणि मग नव्याला माणसं नाहीत म्हणून छाती पिटायची. कपाळ त्यांचं! आमच्या शाळेत दोन शिक्षकांवर पाच वर्ग आहेत, पण आम्हीसुद्धा असा घोळ घालत नाही.

तिसऱ्यांदा मात्र खरंच सिम्युलेटर मिळाला. चार दिवस. परत आला तो खूश होता. म्हणाला, "पहिल्या दिवशी शिक्षकानं लिहिलं, हात भरकटतो. चौथ्या दिवशी म्हणाला, आता ठीक आहे." मी म्हटलं, "मग पुढचे दिवस कधी?" तर पुढचे दिवस नाहीत. सिम्युलेटर आहे तर शिकवणारा रजेवर. शिकवणारा आला तर सिम्युलेटर नादुरुस्त. सात आठवडे तो घरी, आणि सात आठवडे मी रोज सकाळ-संध्याकाळ, "उजवं इंजिन, आग!" एकदा मी न राहवून त्याच्या हातातला फोन घेतला आणि त्या मुलीला म्हटलं, "ताई, तुमच्याकडे विमानं आहेत तर माणसं नाहीत, माणसं आहेत तर तुम्ही ती आमच्या ओटीवर बसवून ठेवलीत. तुम्हाला वेळापत्रक लावता येत नसेल तर मला पाठवा, मी रविवारी बसून लावून देते." मग ती मराठीत म्हणाली, "मॅडम, मलापण कुणी काही सांगत नाही हो." पहिल्यांदाच तिचं मराठी ऐकलं. मला तिची कीव आली आणि त्यामुळे आणखीच राग आला, कारण आता ओरडायचं कुणावर?

मग परीक्षा झाली. उरलेले सिम्युलेटरचे दिवस कसेबसे उरकून लगेच परीक्षा, आणि तो नापास झाला.

फोनवर एवढंच म्हणाला, "नाही झालं. मांडव्याला येशील?" मी शाळेत अर्धी रजा टाकली आणि आमची जुनी गाडी घेऊन निघाले. जेट्टीवर तो उन्हात उभा होता, बॅगेवर टेकून. त्याला पाहिल्यावर मी नुसती बॅग उचलून मागच्या सीटवर टाकली. रेवदंडा मागे पडला. मग तो आपणहून म्हणाला, "परीक्षकानं उजव्या इंजिनाला आग दिली. मला कळलं उजवं. तोंडानं उजवंच म्हणालो. आणि हात डाव्यावर गेला. त्यानं माझं मनगट धरलं." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाला, "उजवं म्हणालो गं मी." सात वर्षांत याचा हात कधी चुकला नव्हता. मी विचारलं, "घाबरलास?" तो म्हणाला, "तेच कळत नाही. घाबरलो नव्हतो." दुसरी परीक्षा तीन आठवड्यांनी, आणि तीच शेवटची.

आगरदांड्याला गाडी फेरीबोटीवर चढवली. लोक उतरून कठड्याशी उभे राहिले, आम्ही गाडीतच बसलो. बोट सुटली. त्यानं डोळे मिटले, ओठ पुटपुटायला लागले, आणि हात समोर वर उठला. सवयच लागलेली. एसटीत, न्हाव्याच्या खुर्चीत, कुठंही बसला की त्याचे हात चालू. मी सहज बघत होते. समोर गाडीची मोकळी काच, काचेपलीकडे खाडी, मध्ये काही नाही. आणि त्याचा हात वर गेला, कोपरातून बाहेर वळला, काहीतरी टाळून पलीकडे गेला आणि थांबला.

मी म्हटलं, "परत कर."

त्यानं परत केलं. तोच वळसा.

"अरे, तू कशाला वळसा घालतोस?"

"कुठं?"

"इथं. इथं काय आहे तुझ्या हाताच्या आड?"

त्यानं डोळे उघडले, स्वतःच्या हाताकडे बघितलं, आणि दोघांच्या तोंडून एकदमच आलं, "नारळ!"

तो आधी हसला, मोठ्यानं. कठड्याजवळच्या एका बाईनं वळून बघितलं. मग त्याचं हसणं विरलं. वीतभर. उजव्या दांड्यापासून वीतभर डावीकडे डावा दांडा. तिथं चार दिवस बसून शिक्षकानं हात सुधारला होता, आणि मग सात आठवडे घरी बसवून मी तो इमानेइतबारे परत बिघडवला होता. वीतभर सरकव म्हणणारी मी, रोज तोच चुकीचा धडा गिरवून घेणारी मी, आणि झक्कास म्हणणारीही मीच. मला गाडीत रडू कोसळलं. तो माझी पाठ थोपटत म्हणाला, "तुझं नाही गं, मलापण दिसत होतंच की." पण त्यानं बरं वाटत नव्हतं. दिघीचा धक्का लागला तेव्हा मागचा टेम्पोवाला हॉर्न मारून मारून ओरडत होता, आणि मी चावी फिरवायची सोडून पदरानं नाक पुसत बसले होते.

घरी पोचेपर्यंत रडण्याचा राग झाला. माझं असंच आहे. सासूबाई माजघरात सुपात सुक्या कोळंबीचे सोडे निवडत बसल्या होत्या. मी चप्पल काढता काढताच म्हटलं, "आई, तो नारळ काढायचा. आत्ता."

"न्हाय."

"परीक्षा परत तीन आठवड्यांनी आहे. चित्र नीट लावायला हवं. देवघरात ठेवा, माळ्यावर ठेवा, कुठंही ठेवा."

"देवीशी बोललेलं बदलत न्हाय. पट्टी लागल्याबिगर त्यो खुटीवरनं हलायचा न्हाय."

"अहो, पट्टी कसली लागतेय! तुमच्या नारळानंच नापास केलं त्याला!"

बोलले. सगळं बोलले. वळसा, वीत, डावा दांडा, चांगलं इंजिन, सगळं, आणि चढ्या आवाजात. नवरा मागून "अगं, गप्प" म्हणत होता. सासूबाईंचा हात सुपात तसाच थांबला. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, लेकाच्या हाताकडे बघत होत्या. मग सूप बाजूला सारून त्या उठल्या आणि मागच्या दारानं निघून गेल्या. जेवायच्या वेळेला आल्या, वाढलं, पण एक शब्द बोलल्या नाहीत. मला वाटलं, झालं, आता ही बाई आयुष्यभर माझ्याशी बोलायची नाही. आणि एवढं होऊन नारळ खुंटीवरच. नवरा म्हणाला, "उद्या दिघीला कुणाच्या गोदामाची भिंत मिळते का बघतो." विमानाची परीक्षा द्यायची आणि सरावाला भिंत शोधत गावोगाव फिरायचं! मी हात टेकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ करून आले तर खुंटी रिकामी. सासूबाई भिंतीशेजारी स्टुलावर बसलेल्या, नारळ मांडीवर, दोन्ही हातांनी धरलेला. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "लावा तुमचं इमान नीट."

नवऱ्यानं खुंटी उपसली आणि चित्र वीतभर उजवीकडे सरकवलं. मी म्हटलं, "आई, द्या, देवघरात ठेवते." तर म्हणाल्या, "ठेवायचा न्हाय कुठं. खुटी न्हाय तर मी हाय." म्हणजे नारळ टांगलेलाही नाही आणि टेकलेलाही नाही. शाळेला जाण्याआधी आमचा दीड तास सराव चालायचा, आणि तो दीड तास त्या तशाच बसायच्या. दुपारी जेवताना, झोपताना त्याचं काय करायच्या, मी विचारलं नाही. एकदा डोकावले तर पदरात बांधून पोटाशी घेतलेला दिसला. कंबर दुखणारी बाई, भिंतीला टेकून पाटावर बसायची ती स्टुलावर बसायला लागली, का तर पाटावर मांडी भुईला लागते. मला हे सगळं बघून चीड यायची आणि दयाही, आणि दोन्ही एकदम आलं की मी चेकलिस्ट आणखी जोरात वाचायची.

पहिल्या सकाळी मी म्हटलं, "उजवं इंजिन, आग!" आणि त्याचा हात उठला, वळला आणि पलीकडे जाऊन डाव्या दांड्यावर पडला. नारळ तिथं नव्हता, हाताला मात्र तो तिथंच होता. दहादा केलं, सातदा डावा. त्याच्या कपाळावर घाम. मी वहीत फुल्या मारत होते. तेवढ्यात शेजारून आवाज आला, खुडखुड. सासूबाईंनी नारळ हलवला होता.

"परत नारलाला वलसा घातलास," त्या म्हणाल्या. "न्हाय तितं नारल आता. हितं हाय, माज्याकडं. सरल जा."

मी वही खाली ठेवली. मला हात कुठं पोचला ते कळायचं, पण कुठून वळला ते त्या माझ्याआधी ओळखायच्या. दोन वर्षं रोज दिवा दाखवून त्या नारळाची जागा त्यांच्या डोळ्यांत बसली होती. हात त्या बाजूला जरा झुकला की खुडखुड. त्यांना इंजिन कळत नव्हतं, चेकलिस्टचं इंग्रजी कळत नव्हतं. पण वळसा कळत होता. मग तसंच सुरू झालं. मी वाचायची, तो हात न्यायचा, आणि सासूबाई चूक वाजवायच्या. पहिल्या आठवड्यात घरात नुसती खुडखुड. दुसऱ्या आठवड्यात दिवसातून चार-पाचदा. एका सकाळी मी मुद्दाम, चहाचा घोट घेता घेता, तो पेपर वाचत असताना ओरडले, आणि त्याचा हात पेपरावरून सुटून सरळ गेला. सरळ, उजव्यावर. सासूबाईंनी नारळ घट्ट धरून ठेवला होता, वाजू नये म्हणून.

मधल्या काळात त्या फोनवाल्या मुलीनं तारीख दोनदा बदलली. एकदा दोन दिवस पुढे, एकदा एक दिवस मागे. माझ्याकडे आता ओरडायला ताकद नव्हती, सगळी "उजवं इंजिन" मध्ये खर्च होत होती.

परीक्षेच्या दिवशी मी शाळेत होते. पोरांच्या खिचडीच्या सुट्टीत फोन वाजला. तो म्हणाला, "झालं." मी म्हटलं, "काय झालं ते नीट सांग!" तो म्हणाला, "पास. उजव्यालाच आग दिली त्यानं. मुद्दाम. हात सरळ गेला." मग म्हणाला, "कानात खुडखुड ऐकू येत होती गं." मी मुलांना सोडून तशीच घराकडे पळाले. हेडबाई मागून काहीतरी विचारत होत्या, मी नुसता हात केला.

सासूबाई स्टुलावर होत्या. त्या दिवशी घरात सराव नव्हता, लेक नव्हता, मी नव्हते, तरी त्या चित्रासमोर नारळ मांडीवर घेऊन बसलेल्या. सकाळी बसल्या होत्या तशाच. चूल थंड. मी म्हटलं, "आई, पास झाला."

"हात?"

"जागेवर पडला."

त्यांनी डोळे मिटून घेतले. मग उठायला माझा हात मागितला. म्हणाल्या, "चल. देवलात जायाचं."

"कशाला?"

"नारल फोडायचा."

मला वाटलं, यांना कळलं नाही. मी सावकाश सांगितलं, जसं दुसरीच्या पोरांना सांगते, "आई, तो पास झाला, पण कॅप्टन नाही झाला. पट्ट्या तीनच. आता नव्या यादीत तो सगळ्यांच्या खाली आहे. चौथी लागायला अजून किती वर्षं, कुणास ठाऊक."

"ठाव हाय मला."

"मग नवस पुरा कुठं झाला?"

त्या चपला घालत होत्या. खाली बघूनच म्हणाल्या, "त्या दिशी तू बोललीस न्हवं, तवाच गेलते मी देवलात. तिला म्हनलं, बाय, पट्टी ऱ्हाऊदे. ती मी तुज्याकडं परत मागायची न्हाय. पोराचा हात तेवडा जाग्यावर पडूदे."

"पण तुम्हीच म्हणालात ना, देवीशी बोललेलं बदलत नाही?"

"बदललं न्हाय," त्या म्हणाल्या. "सोडलं."

नवऱ्याचा गणवेश घरी आला की तो धुवायला त्या मला कधी देत नसत. पट्ट्या आधी काढून, पुसून, देवाजवळ ठेवायच्या आणि एकेक बोट ठेवून मोजायच्या, एक, दोन, तीन, आणि चौथं बोट मोकळ्या जागी. सात वर्षं बघत आले होते मी ते. मी दार ओढून घेतलं आणि त्यांचा हात धरून चालू लागले. देवळाच्या पायरीशी पोचल्यावर त्या म्हणाल्या, "त्याला सांगू नको."

नारळ एका फटक्यात फुटला. आतला गोटा कोरडा, पण खवट नव्हता.

नवरा पुढच्या सुट्टीत आला. नव्या विमानावर लागला होता, यादीत शेवटचा, आणि फोनवाल्या मुलीनं पहिल्याच महिन्यात त्याची सुट्टी दोनदा रद्द केली होती. जेवताना त्याला आईचा पदर मोकळा दिसला. हसत हसत म्हणाला, "आई, नारळ फोडलास वाटतं? मग आता चौथीसाठी दुसरा बांध की!"

सासूबाई भात वाढत होत्या. म्हणाल्या, "माजं मागून झालं. खा."

त्यानं ते हसण्यावारी नेलं. मी ताटावरून उठले आणि पाणी आणायच्या निमित्तानं आत गेले. देवाबिवाच्या भानगडीत मी पडत नाही, शाळेत मुलांना बुवाबाजीवर धडे देते. पण दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना मी बोर्लीच्या बाजारातून नारळ आणला, शेंडीसकट. खुंटी ठोकली ती माजघरात नाही, बाहेर ओटीवर, जिथं कुणी विमान लावणार नाही. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. काय बोलू, किती पट्ट्या सांगू, मला काही येत नव्हतं, आणि त्यांनी शिकवलंही नाही. मी नारळ सुतळीनं बांधायला लागले तशा त्या आत गेल्या आणि लाल कापड घेऊन आल्या, जुनंच, धुऊन घडी घातलेलं.